गिअरबॉक्स गेला म्हणतायत? गाडी खोलायला देण्याआधी हे वाचा

"भिया, इसका तो गियरबॉक्स गया." इंदूरच्या कुठल्याही गॅरेजवर हे वाक्य दोन मिनिटांत ऐकायला मिळतं आणि ज्याने पहिल्यांदाच गाडी घेतलीये त्याच्या पोटात गोळा येतो, कारण यापुढचा आकडा दहा हजारापासून दोन-तीन लाखापर्यंत काहीही असू शकतो. नेमका कुठला पार्ट गेला, कशावरून कळलं, कुठली टेस्ट केली, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत गिअरबॉक्स गाडीतून उतरवू द्यायचा नाही, हे माझं अगदी ठाम मत आहे. एकदा तो उतरला आणि टेबलावर सुटा झाला की गाडी दुसरीकडे न्यायची सोय संपते, मग समोरचा सांगेल तो आकडा. म्हणून खाली जे लिहितेय ते शक्यतो याच क्रमाने करा.

रस्त्यात बंद पडली तर

गिअर पडेनासा झाला, किंवा एक्सलेटर दिला की इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाहीये, तर "घरापर्यंत नेऊ हळूहळू" हा विचार सोडून द्या. डावीकडे घ्या, हॅझर्ड लाइट लावा, मागे बऱ्याच अंतरावर त्रिकोण ठेवा आणि घरच्यांना गाडीतून उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा. आपल्याकडची मंडळी पुण्या-नाशिकला सारखी जातात, त्यांना खास सांगायचं म्हणजे मानपूरच्या पुढे धामनोदकडे उतरताना घाटात जर गिअर सुटला तर न्यूट्रलवर गाडी उतरवत नेऊ नका, तिथे इंजिनचा ब्रेक मिळत नाही आणि सगळा भार नुसत्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की मग ते पण धरत नाहीत. नॅशनल हायवेवर १०३३ हा हेल्पलाइन नंबर आहे, मोबाइलमध्ये आत्ताच सेव्ह करा. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर त्यांनाही लगेच फोन करा, पुष्कळ जणांच्या पॉलिसीत ते असतं आणि त्यांना माहीतच नसतं.

आता टोइंग. क्रेनवाला येतो, पुढून किंवा मागून हूक लावतो आणि ओढत नेतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं, बहुतेक गाड्यांत पुढची, जमिनीवर ठेवून ओढू द्यायची नाही, कारण इंजिन बंद असताना आतला ऑइल पंप फिरत नाही आणि चाकांबरोबर गिअरबॉक्सचे भाग कोरडेच घासतात. म्हणजे दोनशे रुपयांच्या बिघाडाने थांबलेली गाडी गॅरेजला पोचेपर्यंत खरोखरच गिअरबॉक्स घालवून बसते. फ्लॅटबेडच मागवा, गाडी पूर्ण वर चढवणारी. थोडे पैसे जास्त लागतात, द्या. लिव्हर "पी" मध्ये अडकलं असेल तर लिव्हरजवळ एक छोटं झाकण असतं, त्याखाली लॉक सोडायची खाच असते, बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात त्याचं चित्र दिलेलं असतं.

तुमच्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे

हे आधी माहीत पाहिजे, नाहीतर समोरचा काय बोलतोय तेच कळणार नाही. मॅन्युअल सगळ्यांना माहीतच आहे. एएमटी म्हणजे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला प्रकार, यात गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच असतो, क्लच प्लेटसुद्धा असते, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर नाहीतर हायड्रॉलिक ॲक्च्युएटर करतो. क्लचचं पेडल नाही म्हणून क्लच प्लेट पण नाही असं खूप जणांना वाटतं आणि मग चढावर एक्सलेटरवर गाडी तोलून धरतात, तिथेच प्लेट जळते. सीव्हीटीमध्ये दोन पुली आणि एक स्टीलचा बेल्ट असतो, बिघडला तर आपल्याकडे बहुतेकदा अख्खी असेंब्लीच बदलायला सांगतात. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, दणकट ऑटोमॅटिक. आणि डीसीटी म्हणजे दोन क्लचवाला, त्यातला कोरड्या क्लचचा प्रकार संध्याकाळी राजवाडा-सराफ्याच्या गर्दीत इंचाइंचाने सरकताना चांगलाच तापतो.

आधी स्वस्तातले दोष तपासा

मला सगळ्यात जास्त याच भागाची कळकळ आहे, कारण लोकांचे पैसे इथेच जातात. गिअरबॉक्ससारखी लक्षणं दाखवणारे पण गिअरबॉक्सशी संबंध नसलेले बिघाड पुष्कळ आहेत.

मॅन्युअल गाडीत इंजिन चालू असताना एकही गिअर नीट पडत नाही पण इंजिन बंद केलं की सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, असं असेल तर गिअरबॉक्स बहुधा ठीक आहे, क्लच पूर्ण सुटत नाहीये. मग क्लचची केबल किंवा हायड्रॉलिकचा सिलिंडर बघायचा, ऑइल गळतंय का बघायचं. कर्रकन आवाज फक्त एकाच गिअरला, समजा दुसऱ्यालाच येत असेल, तर त्या गिअरचा सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारा भाग, झिजलाय, हे मात्र आतलं काम आहे. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत घरघर येतेय आणि क्लच दाबला की बंद होतेय तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग, उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो तर रिलीज बेअरिंग. या एका टेस्टला पैसे लागत नाहीत, घरच्या पार्किंगमध्ये करून बघा आणि मिस्त्रीकडे जाताना सांगा की मी हे करून बघितलंय, त्याच्या बोलण्यातच फरक पडतो.

क्लच घसरतोय का हे बघायला मोकळ्या जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा करून प्लेट जाळू नका. छोट्या गाडीचा क्लच सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, लेबर धरून साधारण सहा ते बारा हजारात बसतो, आणि क्लचच्या कामाला गिअरबॉक्सचं काम म्हणून सांगितलं गेलेलं मी खूपदा पाहिलंय.

डी किंवा आर टाकताना धाडकन झटका बसतो, हे इंजिनचं माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार, तुटल्याने पण होतं. वेगाबरोबर वाढणारा हूंऽऽ असा आवाज कुठल्याही गिअरला सारखाच येतोय तर चाकाचं बेअरिंग बघा. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट येते तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. गिअर लिव्हर ढिला झालाय, हलवल्यावर गिअर कुठे आहे तेच कळत नाही, तर केबल नाहीतर तिचा बुश. प्लग किंवा कॉइल खराब असेल तर इंजिन मिस करतं आणि गिअर बदलतानाच झटका येतोय असं वाटतं.

एएमटीवाल्यांनी बॅटरी आधी तपासा, हे तर मी हात जोडून सांगते. आमच्या लोकमान्य नगरातल्या एका काकांच्या एएमटी गाडीला ॲक्च्युएटर बदलायचं एस्टिमेट मिळालं होतं, चाळीस हजाराच्या वर, कारण गाडी सिग्नलला आपोआप न्यूट्रलमध्ये जायची आणि गिअरचा दिवा लागायचा. ओळखीच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून आधी बॅटरीला मल्टिमीटर लावला, काकांना स्टार्टर मारायला सांगितला, आणि काटा नऊच्याही खाली गेला, चांगली बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि स्टार्टर मारतानाही साधारण साडेनऊच्या खाली जाता कामा नये. टर्मिनलवर हिरवट पांढरा थर चढलेला, वायर हाताने हलत होती. नवी बॅटरी टाकली, टर्मिनल घासून साफ केले, स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग केलं, म्हणजे क्लच कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला पुन्हा शिकवलं, आणि काका त्याच गाडीने उज्जैनला जाऊन आले. ब्रेक पेडलच्या वरचा स्विच हाही तसाच, काहीशे रुपयांचा, पण तो गेला की कॉम्प्युटरला तुम्ही ब्रेक दाबलाय हे कळतच नाही आणि गिअर पडत नाही. मागचे ब्रेक लाइट लागतायत का बघा, नसतील लागत तर आधी तोच.

स्कॅन, आणि तो सुद्धा नीट

ऑटोमॅटिक, एएमटी, डीसीटी कुठलीही असो, स्कॅन, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणं, ते न करता कोणी गिअरबॉक्सबद्दल बोलत असेल तर ऐकून घ्या आणि गाडी तिथून काढा. स्वस्तातलं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र हजारभर रुपयात मिळतं आणि मोबाइलवर कोड दाखवतं, पण ते बऱ्याचदा फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलतं आणि पी०७०० एवढंच दाखवून थांबतं. पी०७०० चा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी तक्रार नोंदवलीये, ती काय आहे ते तिथेच जाऊन वाचा. त्यासाठी टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा हाच कॉम्प्युटर, वाचणारा मोठा स्कॅनर लागतो, कंपनीत असतो, देवास नाक्याकडच्या बऱ्याच मल्टीब्रँड वर्कशॉपमध्ये पण असतो. पी०७०५ आला तर लिव्हर कुठल्या जागेवर आहे ते सांगणारा सेन्सर, पी०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाहीये, पी०७४१ टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचशी संबंधित. कोड म्हणजे लगेच पार्टचं नाव नव्हे, वायर तुटली तरी तोच कोड येतो, म्हणून कोड आल्यावर वायरिंग आणि कनेक्टर तपासला का हे विचारायचं.

स्कॅन झाल्यावर लगेच "क्लिअर करून देतो" म्हणतात, करू देऊ नका, आधी स्क्रीनचा फोटो काढा, फ्रीज फ्रेमचा पण काढा, त्यात कोड आला तेव्हा किती वेग होता, किती तापमान होतं हे असतं. हे फोटो पुढे दुसरं मत घेताना आणि वॉरंटीच्या भांडणात कामी येतात. डायग्नोसिसचे पैसे देताना कुरकुर करू नका, फुकट तपासणारा नंतर दुसरीकडून वसूल करतोच.

ऑइल काय सांगतं

टॉर्क कन्व्हर्टर गाडीत सकाळी डी टाकल्यावर दोन-तीन सेकंदांनी गाडी उचलते, तर लेव्हल कमी असू शकते. डिपस्टिक असेल तर तपासायची रीत पुस्तकात असते, बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवूनच बघतात. नसेल तर गाडी लिफ्टवर घ्यावी लागते. लालसर आणि पारदर्शक असेल तर बरं. काळपट तपकिरी आणि जळका वास म्हणजे आतले क्लच घासलेत. पॅन उतरवला तर स्वतः उभं राहून बघा, आत एक चुंबक असतो, त्यावर राखाडी मऊ लेप असणं नॉर्मल आहे, बोटावर घेतला तर मलमासारखा लागतो. पण बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे निघाले तर आतला कुठला तरी भाग तुटतोय आणि आता खरंच उघडावं लागणार. त्या चुंबकाचा फोटो काढून ठेवा.

चुकीचं ऑइल ही गिअरबॉक्स घालवायची सगळ्यात सोपी पद्धत आहे. सीव्हीटीत साधं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं नेहमीचं ऑइल, चालत नाही, डीसीटीचं वेगळं, "सगळ्यात हेच टाकतो आम्ही" असं कोणी म्हणालं तर डब्यावरचा ग्रेड आणि पुस्तकातला ग्रेड जुळवून बघा. आणि गिअर आधीच घसरत असेल तर नवीन ऑइलने तो दुरुस्त होत नाही, दाब देऊन फ्लश तर अशा वेळी अजिबात करू नका, साधं काढून भरणंच ठीक.

एस्टिमेट

तोंडी नाही, लेखी. जॉब कार्डवर किलोमीटर, तुमची तक्रार तुमच्या शब्दांत, आणि "विचारल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू नये" हे वाक्य लिहून सही घ्या. एस्टिमेटमध्ये पार्ट नंबर, ओरिजिनल की लोकल की रिकंडिशन, लेबर वेगळी, जीएसटी वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्ट्सवर जीएसटी सरसकट १८ टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्ट्सवर २८ होता, तेव्हा कोणी जुन्या हिशोबाने लावला असेल तर बदलून घ्या. उघडून पाहिल्यावर काम नाही करायचं ठरलं तर परत बसवायचे किती, हे आधीच विचारा, नंतर विचारलं तर उत्तर आवडणार नाही. जुने पार्ट परत पाहिजेत हे पण कार्डवरच.

एक गोष्ट जिथे पैसे खर्च करायलाच हवेत: गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच सेट, क्रँकचं मागचं ऑइल सील, ड्राइव्ह शाफ्टची सीलं आणि दमलेली माउंटिंग तेव्हाच बदला. डिझेल असेल तर फ्लायव्हील पण तपासून घ्या. उतरवण्या-चढवण्याची लेबर एकदाच लागते, नाहीतर सहा महिन्यांनी तीनशे रुपयांच्या सीलसाठी पुन्हा तेवढीच द्यावी लागते.

दुरुस्त करायची, बदलायचा, की गाडी विकायची

लोक दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची किंमत एवढंच बघतात, त्यात अजून एक आकडा घाला. समजा तुमची गाडी चालू हालतीत बाजारात ३,००,००० ला जाते. आहे तशी, गिअरबॉक्स बिघडलेली, डीलर १,२०,००० देतोय. म्हणजे चालू गिअरबॉक्सची किंमत तुमच्यासाठी १,८०,००० आहे. दुरुस्ती १,४०,००० मध्ये होत असेल तर विकायची असली तरी दुरुस्त करून विकणं फायद्याचं. दुरुस्ती २,२०,००० असेल तर गाडी अजून पाच-सहा वर्षं वापरायची असेल तरच करा, नाहीतर आहे तशी काढा. दोन-तीन डीलरकडून दोन्ही आकडे विचारून आणा, अंदाजाने धरू नका.

पर्यायांत पहिला म्हणजे नेमका गेलेला भाग बदलणं, सोलेनॉइड (ऑइलचा रस्ता उघडणारा विजेचा व्हॉल्व्ह), व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल कुठे जायचं ते ठरवणारा भाग), बेअरिंग, सिंक्रोनायझर, याला मिस्त्री जाणकार लागतो. नवीन असेंब्ली सगळ्यात महाग पण वॉरंटी मिळते. तिसरा, कटिंगच्या, म्हणजे मोडीत काढलेल्या गाडीतून निघालेला सेकंडहँड. मॅन्युअल गाडीला तो मला चालतो, ऑटोमॅटिकला मी सहसा नको म्हणते, कारण आतली झीज बाहेरून दिसत नाही आणि कॉम्प्युटरचं कोडिंग जुळवायला लागतं. घेणार असाल तर गिअरबॉक्सवरचा कोड, इंजिन आणि मॉडेलचं साल जुळवा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिल नसलेला पार्ट चोरीच्या गाडीचा निघू शकतो, त्या भानगडीत पडू नका.

विमा आणि वॉरंटी

साध्या विम्यात झीज किंवा यांत्रिक बिघाड येत नाही, तेव्हा आपोआप गेलेल्या गिअरबॉक्सला क्लेम मिळत नाही. खड्ड्यात खालून दगड लागून गिअरबॉक्स फुटला तर तो अपघात, तिथे क्लेम होतो, पण ऑइल गळतंय हे कळूनही गाडी चालवत राहिलात तर पुढचं नुकसान नाकारतात. तिथेच थांबा, खालचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा. इंजिन आणि गिअरबॉक्स प्रोटेक्टचा ॲडऑन खराब रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी जरूर घ्यावा. एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर बाहेर कुठेही खोलण्याआधी कंपनीत न्या, बाहेर उघडलेला गिअरबॉक्स ते हात लावत नाहीत. वॉरंटी नुकतीच संपली असेल आणि सगळ्या सर्व्हिस तिथेच झाल्या असतील तर कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करून गुडविलमध्ये पार्टचा काही खर्च उचलायची विनंती करा, सर्व्हिस अॅडव्हायझर हे स्वतःहून सांगत नाही.

गाडी परत घेताना

पैसे देण्याआधी चालवून बघायची, मिस्त्रीला शेजारी बसवून. थंड गाडी घ्या, म्हणजे सकाळी जा. आधी विजय नगरच्या सिग्नलांमधून एसी लावून थांबत-थांबत, मग सुपर कॉरिडॉरवर एकसारख्या वेगात, आणि जमलं तर सिमरोलचा चढ. गरम झाल्यावरच जे दोष दिसतात ते पहिल्या दोन किलोमीटरमध्ये दिसत नाहीत. परत आल्यावर पुन्हा स्कॅन, खाली ऑइलचा थेंब आहे का ते टॉर्चने बघणं. ऑटोमॅटिक असेल तर लर्निंग किंवा ॲडॅप्टेशन केलं का विचारा, न केल्यास चांगला गिअरबॉक्स पण झटके देतो. कामाची वॉरंटी किती महिने, किती किलोमीटर, पार्टची वेगळी आणि लेबरची वेगळी, हे बिलावरच लिहून घ्या.

काम बिघडवून ठेवलं आणि ऐकतच नसतील तर आधी लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तेवढ्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करता येते, पाच लाखापर्यंतच्या कामाला फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तिथे जॉब कार्ड, स्कॅनचे फोटो, चुंबकाचा फोटो, बिल, मेसेज हेच चालतं, तोंडी बोललेलं काही चालत नाही.

दुरुस्तीनंतर पहिल्या हजार किलोमीटरमध्ये एकदा लिफ्टवर घेऊन लेव्हल आणि सीलं तपासून घ्या, आणि ऑइल बदलायचं वेळापत्रक पुस्तकातल्या खडतर वापराच्या रकान्यातलं धरा, कारण इंदूरचा उन्हाळा, गर्दी आणि आपले घाट हे सगळं त्याच रकान्यात बसतं.